मागे वळलेला कान

आधीच सांगून टाकते. घोड्यांवर अन्याय होतो हे मला माहीत होतं, घोडा मात्र मी कधी जवळून पाहिलेला नव्हता. पत्रक लिहायला तेवढं पुरतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गटाने भिलाईत, वैशाली नगरातल्या एका लग्नाच्या लॉनसमोर पत्रकं वाटली. मजकूर माझा. ‘घोडी नाचती नहीं, सहती है!’ मोठा टाइप, लाल शाई. समोर धुमाल पार्टीचे, म्हणजे इकडच्या वरातीतल्या बाजेवाल्यांचे, ढोल इतके दणदणत होते की बरगड्या हलत होत्या. नवरदेवाच्या काकांनी माझ्या पत्रकाची पुडी केली आणि तिच्यात शेंगदाण्याची टरफलं टाकायला लागले. मी ओरडत होते. ओरडणं मला येतं. आणि त्या सगळ्या गदारोळात, डोळ्यांवर मोत्यांच्या झालरी, पायांत घुंगरू, दोन्ही बाजूंना एकेक माणूस तोंडाशी धरून, एक पांढरी घोडी जागच्या जागी पाय उचलत होती. तिच्या पाठीवर नवरदेव एखाद्या पार्सलासारखा ठेवलेला.

शेवटी घोडीचा मालकच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. घामाने भिजलेला, कंटाळलेला माणूस.

“दीदी, बारिश भर तो शादी होती नहीं. तब भी चारा मैं ही खिलाता हूँ. तुम ले जाओ. जेठौनी तक रखो.”

जेठौनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. देव उठतात आणि इकडे पुन्हा लग्नं सुरू होतात.

“तब तक दूसरा कोई काम सीख गई तो तुम्हारी. नहीं तो मेरी. और फिर मेरे सामने परचा नहीं बाँटना.”

मी ताडकन हो म्हणाले. घोडीला मोकळं करा, असं पत्रकात लिहिलं होतं. मोकळी केलेली घोडी बांधायची कुठे, ते लिहिलेलं नव्हतं.

मला एकच जागा माहीत होती. माझी मोठी मावशी स्टील प्लांटमध्ये अधिकारी होती. कॉलेजात असताना नागपूरला छात्रसैनिकांच्या घोडेस्वार तुकडीत होती, आणि ते वेड तिने निवृत्तीपर्यंत जपून ठेवलं. निवृत्त झाल्यावर लोक सेक्टरमधलं क्वार्टर सोडून रायपूरला फ्लॅट घेतात. हिने उतईच्या रस्त्याला मुरमाचं मैदान घेतलं, त्यावर पत्र्याचा तबेला बांधला, दोन म्हातारे घोडे आणले आणि संध्याकाळी पोरांना घोडा शिकवायला लागली. नातेवाईक म्हणाले, बाई वाया गेली. मीसुद्धा मनात म्हणत असे, साहेबांच्या पोरांचे चोचले. प्रत्यक्षात तिथे येणारी पोरं सायकलीवरून, बापाच्या स्कूटरवरून येत होती. ते मला दिसलं नव्हतं, कारण मी गेलेच नव्हते.

मावशीने फाटकातूनच विचारलं, “हे काय आणलं वं?”

“घोडी.”

“ते दिसून राहिलं मले. कावून आणली?”

मी पत्रक पुढे केलं. तिने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“शाई चांगली हाये. आता मले सांग, हिच्यावर लेकरू बसू शकते का?”

“माहीत नाही.”

“मंग ऐक. इथं पोसायले म्हणून कोणी राहत नाही. माझे दोघं म्हातारे झाले, तिसरी पाहिजेच हाये मले. पण लेकरू बसलं पाहिजे, अन् हिनं लेकराचं ऐकलं पाहिजे. जेठौनीपर्यंत नाही ऐकलं, त तो तिले घेऊन जाईन आणि मी अडवणार नाही.”

मी म्हणाले, “मावशी, हा क्रूरपणा आहे.”

“हाव. अन् न ऐकणाऱ्या घोडीवर लेकरू बसवणं, ते काय असते?”

मी पत्रक पिशवीत टाकलं आणि घोडीची दोरी तिच्या हातात दिली.

पहिल्या आठवड्यात मावशीने तिला फक्त धुतलं. मला बादल्या भरायला लावल्या. ओली झाली तशी घोडी काळी पडायला लागली. मी घाबरलेच. मावशी हसली. पांढऱ्या घोड्याची कातडी आतून काळी असते, वरचे केस तेवढे पांढरे. इतकी वर्षं ही वरातीत पांढरी म्हणून मिरवली आणि आत अशी पावसाळी ढगासारखी होती. मग मावशी म्हणाली, पोटाला कान लाव. लावला. आत दूरवर मालगाडी जात असल्यासारखं काही गडगडत होतं, थांबत होतं, पुन्हा गडगडत होतं. एवढा मोठा जीव सतत आतून चालू होता आणि बाहेरून किती शांत उभा होता! तेवढ्यात तिच्या कुशीवर माशी बसली. जिथे माशी होती तेवढीच कातडी थरथरली. बाकी घोडी हललीसुद्धा नाही.

“पाह्यलं?” मावशी म्हणाली. “जिले माशी बसलेली समजते, तिले वर बसलेलं लेकरू भ्यालं हाये हे नाही समजत का?”

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी जायला लागले. गटातले म्हणाले, तू चळवळ सोडलीस. मी म्हणाले, मी चळवळीला पाणी पाजायला जातेय.

आता घोडीची अडचण सांगते. वरातीच्या घोडीला माणूस कसा चालवतो? तोंडाशी दोघं, एक इकडून, एक तिकडून. वर बसलेल्याने काही करायचंच नसतं. करेल तरी काय, त्याच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात रुमाल आणि डोळ्यांपुढे मुंडावळ्या. म्हणजे जन्मात हिला वरच्याने कधी काही सांगितलेलं नव्हतं. तिचं जग पुढे होतं. पाठीवरचा म्हणजे ओझं. म्हणून तिचे दोन्ही कान कायम पुढे रोखलेले. आणि शेजारी माणसं नसली तर ती चालायचीच नाही. उभी राहायची, वरात कुठे गेली म्हणून बघत.

मावशीची युक्ती अशी की आम्ही दोघींनी वरातवाल्यांसारखं तिच्या दोन्ही बाजूंना चालायचं. मावशी डावीकडे, मी उजवीकडे. मग रोज थोडं मागे सरायचं. आधी तोंडाशी, मग मानेशी, मग खांद्याशी, मग पोटाशी. मी मागे सरकले की ती थबकायची, वळून माझ्याकडे बघायची, तुम्ही पुढे का नाही, अशा अर्थाने. सबंध पावसाळा आम्ही चिखलात अशा मागे मागे सरत गेलो. एके दिवशी आम्ही तिच्या शेपटीच्याही मागे होतो, हातात लांब लगाम, आणि ती पुढे एकटी, रिकाम्या मैदानात, आपल्या आपण चालत होती. पुढे कोणी नाही. मागून फक्त आमचा आवाज. मोर्चात इतकी माणसं एकत्र चालताना पाहिली आहेत. एकटं चालायला शिकताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

“कान पाह्य,” मावशी म्हणाली. “अजून पुढंच हायेत. ज्या दिवशी वरच्या लेकरासाठी हिचा कान मागं वळला, त्या दिवशी ही इथली झाली. तोपर्यंत त्याची.”

एक खोड मात्र गेली नाही. कमान दिसली की घोडी थांबायची. लॉनची कमान आली म्हणजे वरात पोचली, आता करवल्या भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालणार, हे तिला पक्कं ठाऊक. आमच्या तबेल्याच्या दाराला बांबूची कमान होती. तिथे ती उभी राहायची आणि डाळ मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. मावशीने शिव्या दिल्या, मी समजावलं, ओढून पाहिलं. शेवटी रोज सकाळी डाळ भिजत घालायला लागलो.

वर बसवायला मावशीने निवडली ती सेक्टर दोनची एक मुलगी. चौथीतली. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींत कमी बोलणारी. मला वाटलं एखादं धीट पोरगं निवडेल.

“धीट पोट्टे जोर करतात,” मावशी म्हणाली. “हिले जोर नाही. हिले ऐकून घ्याच लागते.”

मुलीचा बाप प्लांटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवायचा. विदर्भातून आलेला, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नसलेला. पण कुंपणाला टेकून उभा राहिला की चालूच. “डर मत! अरे डर मत! मी उकळतं लोखंड डोक्यावरून नेतो अन् तू घोडीले भेतं?”

मावशी तिकडून ओरडायची, “कावून ओरडून राहिले तुम्ही? तुमची क्रेन जिवंत असती त तुमालेही भेव वाटलं असतं!”

मला त्या बापाचा संताप यायचा. डरू नकोस म्हटलं की भीती जाते, हा शोध कोणी लावला? सगळ्या शाळा, सगळी मैदानं या एका वाक्यावर चालली आहेत. मावशी ते वाक्य कधी म्हणाली नाही. ती मुलीला विचारायची, भेव कुठं हाये? पोटात का खांद्यात? मुलगी विचार करून सांगायची, खांद्यात. मग मावशी म्हणायची, बरं, त्याले तिथंच राहू दे, तू बूड टेकव. लगाम म्हणजे ब्रेक नाही, ब्रेक तुझ्या बुडाखाली हाये. थांबायचं असलं त श्वास सोड. सगळा. गोणी खाली ठेवल्यासारखा.

मुलगी डोळे मिटून, हात पसरून, गोल गोल फिरायची. मावशीच्या हातात लांब दोरी. श्वास सोडायची. घोडी चालत राहायची. पुन्हा सोडायची. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, “आंटी, ये तो मुझे सुन ही नहीं रही.”

“तुझं कोणी ऐकते का घरी?”

मुलीने कुंपणाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

“मंग तुले सवय हाये. सांगत राह्य.”

दसऱ्याला घात झाला. माझी आई पूजेचं तबक घेऊन आली, घोड्यांना हळदकुंकू लावायला. तिन्ही घोडे धुऊनपुसून उभे. कमानीला झेंडूचं तोरण. मुलगी नवा शर्ट घालून घोडीवर. आईने ओवाळलं मात्र, आणि घोडीची मान ताठ झाली. तबक, तोरण, हळद. तिच्या हिशेबात एकच गोष्ट कमी होती, आणि ती बापाने पुरवली. लेकीचा व्हिडिओ काढायचा म्हणून त्याने आपल्या गाडीचं दार उघडून स्पीकरवर धुमाल लावला. पूर्ण आवाजात.

घोडी नाचायला लागली. पुढचे पाय आळीपाळीने छातीपर्यंत. जे शिकली होती तेच, जीव तोडून. मुलगी घसरली आणि मुरमावर पडली. हेल्मेट होतं. कोपर खरचटलं, शर्ट फाटला. बापाचा फोन हातातच राहिला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मावशीने एवढंच केलं की जाऊन गाडीचं दार लावलं.

त्यानंतर आठवडाभर मुलगी आली नाही. तिकडे घोडीच्या मालकाचा निरोप आला, पहिल्या मुहूर्ताची वरात ठरली आहे, येऊन घेऊन जाईन. मावशीने दुसऱ्या पोरांना बसवून पाहिलं. घोडीचे कान पुढेच. मी रात्रंदिवस मनात भाषणं करत होते, आणि एकही घोडीला ऐकवण्यासारखं नव्हतं.

मग एका संध्याकाळी ती आली. बापाने फाटकाशी सोडलं आणि तो गाडीतून उतरला नाही. मुलगी घोडीजवळ गेली, तिच्या पोटाला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिली. हे तिला मी दाखवलं होतं. मग म्हणाली, “आंटी, बैठूँ?”

त्यानंतर ती रोज आली. मावशीने लांब दोरी काढली. मुलगी श्वास सोडायची, घोडी थांबायची. कधी थांबायची, कधी नाही. कान? पुढे. जणू थांबणंही तिला समोरून कोणी तरी सांगितलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी इकडे गौरा-गौरीचं, म्हणजे शंकर-पार्वतीचं, विसर्जन असतं. बाया मातीच्या मूर्ती डोक्यावर घेऊन तळ्यावर जातात, पुढे बाजा. हे मावशीला माहीत होतं. तिला वाटलं मिरवणूक गावातून जाईल. त्या वर्षी गावातला रस्ता खोदून ठेवला होता.

संध्याकाळ व्हायला आली होती. प्लांटच्या दिशेचं आभाळ नेहमीसारखं तांबूस. मुलगी घोडीवर, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोकळी. बाप कुंपणाशी. आणि फाटकातून घोडीचा मालक मोटरसायकल ढकलत आत आला. खांद्यावर पिशवी. पिशवीतून घुंगरांचा आवाज.

“जेठौनी के दिन गाड़ी भेजता हूँ,” तो म्हणाला. मग त्यानेच आधी ऐकलं. मान वाकडी करून म्हणाला, “बाजा आवत हे.”

डफ, निशाण नावाचा नगारा, मोहरी नावाची सनई. वळणावरून सगळं एकदम फुटलं. रस्ता कुंपणाला लागून. घोडीने मान कमानीसारखी केली आणि नाचत नाचत रस्त्याकडे निघाली. आपली वरात सापडली तिला.

मी धावणार होते. मावशीने माझं मनगट धरलं. अजून दुखतं असं धरलं. “मागून धावलं त आणखी पळन,” ती पुटपुटली. बापाने तोंड उघडलं. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

मुलीने लगाम ओढला नाही. तिने श्वास सोडला. खांदे खाली आलेले मला दिसले. घोडी नाचतच होती. तिने पुन्हा सोडला. काही नाही. कुंपण जवळ आलं.

मग तिने जे केलं ते मावशीने शिकवलेलं नव्हतं. कोणीच शिकवलेलं नव्हतं. ती घोडीबरोबर नाचायला लागली. बसल्या बसल्या, कमरेतून, ठेक्यावर. भिलाईची पोर. गणपती आणि दुर्गेच्या मिरवणुकांत धुमालवर नाचत मोठी झालेली. बाज्याचा ठेका तिच्या हाडांत होता. घोडीचा पाय उचलला की हिची कमर उचलायची, पाय टेकला की टेकायची. क्षणभर दोघी मिळून एकच जनावर झाल्या. आणि मग, बाजा तसाच जोरात चालू असताना, मुलीने आपला नाच हळू केला. एक ठेका घेतला, एक सोडला. एक घेतला, दोन सोडले.

घोडीचा डावा कान थरथरला. आणि मागे वळला.

मला ते सांगता येत नाही, तरी सांगते. रस्त्यावर ढोल फुटत होते, बाया गात होत्या, ज्यासाठी तिला लहानपणापासून घडवलं ते सगळं चार हातांवर वाजत होतं, आणि त्या घोडीने आपला कान एका न बोलणाऱ्या मुलीकडे वळवला. मग दुसरा कान. पाय खाली आले. नाचाची चाल झाली. मुलगी कुंपणाच्या अलीकडे वळली, रस्त्याकडे पाठ केली आणि मैदानाच्या मधून चालत आमच्याकडे यायला लागली. मिरवणूक पुढे निघून गेली. मला एकही घोषणा सुचली नाही. मला कोणासमोर तरी वाकावंसं वाटत होतं, पण मुलीसमोर की घोडीसमोर ते कळेना.

मालकाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“बिगड़ गई,” तो म्हणाला. मग मावशीकडे वळला. “बाजा चल रहा है और घोड़ी लइका की सुन रही है! कल को दूल्हा हिला और ये रुक गई, तो मेरी तो इज्जत गई. अब ये मोर काम के नइ हे, दाई.” लेकराचं ऐकणारी घोडी त्याच्या कामाची राहिली नव्हती.

“मंग ठेवू का मी?” मावशीने विचारलं.

“रख ना. बोला था तो बोला था.” मग माझ्याकडे बोट दाखवून, “पर ये दीदी का मुँह बंद रखना.”

“ते नाही जमणार,” मावशी म्हणाली. “घोडी शिकन, ही नाही शिकत.”

बापाने तोंडावरचा हात आता काढला होता. लेकीला त्याने एवढंच विचारलं, “कसं केलं वं?”

मुलगी म्हणाली, “पहले मैं भी नाची थोडा. फिर धीरे किया. वो समझ गई.”

त्याने ऐकलं.

मुलगी घोडीला तबेल्याकडे घेऊन गेली. बांबूच्या कमानीशी, वाळलेल्या झेंडूच्या तोरणाखाली, घोडी थांबली. मुलीने पाय लावून पाहिला. श्वास घेतला. सोडला. कमरेने पुढे सांगून पाहिलं. कान मागे, ऐकत होती सगळं. पाऊल मात्र टाकेना.

मालकाने घुंगरांची पिशवी मोटरसायकलला अडकवली, खिशात हात घातला आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ काढली. कुठून आणली होती, का आणली होती, कोण जाणे. तळहात तिच्या ओठांखाली धरला.

“इतना तो लगेगा,” तो मुलीला म्हणाला.

मुलगी वर बसून वाट पाहत राहिली. घोडीने सावकाश, एक दाणा न सांडता, सगळी डाळ खाल्ली आणि मग आत गेली.